दिल्लीची जामा मशीद: अर्ध्या तासात उरकायची नसेल तर

दिल्लीदर्शनच्या बसमधून जामा मशीद बघितलेली माणसं मला नेहमी भेटतात. ‘हो, बघितली की, खूप पायऱ्या होत्या आणि गर्दी होती,’ एवढंच त्यांना आठवतं. पहिल्या खेपेला मीही याहून वेगळं काही बघितलं नव्हतं. जूनमधल्या भर दुपारी पोचलो, दरवाजावर कळलं की नमाजाची वेळ आहे, नंतर या. नंतर आत सोडलं तेव्हा चपला काढून लाल दगडावर पाय ठेवला आणि तव्यावर ठेवल्यासारखा उचलला. उरलेलं सगळं अंगण मी सावली शोधत, उड्या मारत पार केलं. स्थापत्य वगैरे काही दिसलं नाही.

त्यानंतर चार-पाच वेळा जाऊन जे शहाणपण आलं, ते इथे क्रमाने लिहितो. हिशोब एका सकाळचा आहे.

वार, ऋतू आणि वेळ

शुक्रवार टाळा. जुम्म्याच्या नमाजाला अंगण भरतं आणि पर्यटकांना दुपारी बराच वेळ बाहेर थांबावं लागतं. जोडीला लाल किल्ला करायचा असेल तर सोमवारही बाद, कारण त्या दिवशी किल्ला बंद असतो. चांदनी चौकात खरेदी करायची असेल तर रविवारी बरीच दुकानं बंद सापडतील. राहिले मंगळवार ते गुरुवार आणि शनिवार. माझं मत बुधवारला, पण त्याला काही शास्त्राधार नाही.

ऋतूचं म्हणाल तर फेब्रुवारी-मार्च सगळ्यांत चांगले. ऑक्टोबरही चालतो. दिवाळीनंतरच्या धुरकट हवेत मनोऱ्यावरून पलीकडचा मनोरासुद्धा भुरकट दिसतो, आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळचं धुकं दहा-अकरापर्यंत हटत नाही. रमजानमध्ये संध्याकाळी अंगणात सहकुटुंब रोजा सोडणाऱ्यांच्या पंगती बसतात, आजूबाजूचा बाजार रात्रभर जागा असतो. ते दृश्य बघण्यासारखं आहे, पण इमारत निवांत बघायला तो महिना सोयीचा नाही.

वेळ मात्र सकाळचीच, आणि याला कारण आहे. भारतातून मक्का पश्चिमेला, म्हणून इथल्या मशिदीत नमाजाची भिंत पश्चिमेला आणि दर्शनी बाजू पूर्वेला असते. सूर्य उगवला की ऊन थेट त्या दर्शनी बाजूवर पडतं, लाल दगड पेटल्यासारखा दिसतो आणि संगमरवराच्या पट्ट्या उठून येतात. दुपारनंतर सूर्य इमारतीच्या मागे जातो आणि फोटोत नुसती काळी आकृती उरते. सात-साडेसातला आत असलात तर दगड थंड असतो, कबुतरं जास्त आणि माणसं कमी असतात. दुपारच्या नमाजासाठी बाराच्या सुमाराला पर्यटकांना बाहेर काढतात, त्यामुळे दहापर्यंत आटोपलं की उत्तम.

पोचायचं कसं

मेट्रोच्या व्हायोलेट लाईनवर ‘जामा मस्जिद’ नावाचंच स्टेशन आहे. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या हजरत निजामुद्दीनला उतरवतात. तिथून पिंक लाईनने लाजपत नगर आणि तिथे बदलून व्हायोलेट लाईन पकडायची. विमानाने आलात तर एअरपोर्ट एक्सप्रेसने नवी दिल्ली स्टेशन, मग यलो लाईनचं पुढचंच स्टेशन चावडी बाजार. चावडी बाजारहून गल्ल्यांतून चालत किंवा सायकलरिक्षाने येता येतं. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा. स्वतःची गाडी घेऊन जुन्या दिल्लीत शिरायचा विचारही करू नका.

कपडे, चपला, पैसे

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांनी ओढणी किंवा स्कार्फ जवळ ठेवावा. हाफ पँट घालून गेलात तर दरवाजावर लुंगी किंवा झगा अंगावर चढवायला लावतात आणि त्याचे पैसे घेतात.

जाडसर मोज्यांचा एक जोड पिशवीत ठेवाच. अंगणात चालण्यासाठी जाजमाच्या पट्ट्या टाकलेल्या असतात, पण नेमकं जे बघायचं ते पट्टीपासून लांब असतं. दुसरी वस्तू म्हणजे चपलांसाठी कापडी पिशवी. दरवाजावर चपला सांभाळणारे बसलेले असतात, पण एका दरवाजाने आत जाऊन दुसऱ्याने बाहेर पडायचं असेल तर चपला हातात असलेल्या बऱ्या. मी एकदा उत्तरेकडे चपला ठेवून दक्षिणेकडे उतरलो होतो. अनवाणी अख्खा वळसा घालताना मटण-बाजाराजवळची ओली गल्लीही लागली.

मशिदीत शिरायला तिकीट नाही. ही पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांपैकी नाही, पाच वेळा नमाज होणारी चालती मशीद आहे. कॅमेऱ्याचे आणि मनोऱ्यावर चढायचे पैसे वेगळे पडतात. दर फलकावर लिहिलेले असतात, ते वाचून पावती घेऊनच पैसे द्या. ‘मी इथला अधिकृत गाईड’ म्हणत कोणी मागे लागला तर हसून नमस्कार करावा आणि पुढे चालावं. माझ्या मागे लागलेल्या एका गृहस्थांनी ही मशीद अकबराने बांधली असं छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि त्याचे दोनशे रुपये मागितले होते.

आधी बाहेरून, पूर्वेकडून

बहुतेक लोक उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या दरवाजाने थेट आत घुसतात. तुम्ही तसं करू नका. आधी वळसा घालून पूर्वेला या, लाल किल्ल्याकडे पाठ करा आणि खालून वर बघा.

शाहजहानने 1639 साली इथे नव्या राजधानीचा पाया घातला, तिचं नाव शाहजहानाबाद. 1648 मध्ये किल्ला तयार झाला आणि 1650 मध्ये मशिदीचं काम सुरू झालं. जागा निवडली ती भोजला पहाडी नावाची टेकडी. शहरातली सगळ्यांत उंच जागा देवाला दिली, असं तेव्हा म्हणत असावेत. पण टेकडीचा दुसराही उपयोग झाला. तिच्यावर जवळजवळ तीस फूट उंचीचं जोतं बांधलं, त्यामुळे घरादारांच्या वर मशीद तरंगल्यासारखी दिसते. वजीर सादुल्ला खान याच्या देखरेखीखाली सुमारे 5000 माणसं सहा वर्षं राबली आणि तेव्हाचे दहा लाख रुपये लागले. 1656 मध्ये बुखाऱ्याहून आणलेल्या इमामांच्या हस्ते ती खुली झाली. इमामपद आजही त्याच बुखारी घराण्यात आहे. मूळ नाव मस्जिद-ए-जहाँनुमा, म्हणजे जग दाखवणारी मशीद. जामा मशीद हे खरं तर कोणत्याही गावातल्या जुम्म्याच्या मोठ्या मशिदीचं सामान्यनाम, पण दिल्लीत तेच चिकटलं.

पूर्वेचा दरवाजा बादशहाचा. तो किल्ल्यातून निघून खास बाजारातून इथवर येई. आज तुमच्या पाठीमागे जी मोकळी जागा आणि मैदानं दिसतात, तिथे तेव्हा बाजार, हवेल्या आणि आणखी मशिदी होत्या. 1857 चा उठाव मोडल्यावर इंग्रजांनी किल्ला आणि मशीद यांच्यामधली वस्ती सपाट केली. जामा मशिदीत सैनिक ठेवले आणि 1862 पर्यंत ती मुसलमानांना परत दिली नाही. म्हणजे आज फोटोसाठी आपल्याला मागे सरकायला जी ऐसपैस जागा मिळते, ती त्या पाडापाडीची देणगी.

आता पायऱ्या. पूर्वेला 35, उत्तरेला 39, दक्षिणेला 33. जुन्या काळी या पायऱ्या म्हणजेच एक बाजार होता: उत्तरेला गोष्टी सांगणारे दास्तानगो आणि डोंबारी, दक्षिणेला कबाब आणि फालुदावाले, पूर्वेला कापड आणि पाखरं विकणारे. दक्षिणेच्या पायऱ्यांनी आपला धंदा अजून सोडलेला नाही, फक्त कबाब रस्त्यापलीकडे गेले.

पूर्वेकडून आत सोडत असतील तर तिथूनच चढा. नाहीतर दुसऱ्या दरवाजाने शिरून आतून पूर्वेच्या कमानीपाशी या आणि तिथून बघायला सुरुवात करा.

अंगण: इथे थांबा

पूर्व दरवाजाच्या कमानीत उभं राहिलं की समोर सव्वातीनशे फूट चौरस अंगण उलगडतं. मधोमध हौद, तिन्ही बाजूंना ओवऱ्या आणि समोर पश्चिमेला मुख्य वास्तू. पंचवीस हजार माणसं इथे एकावेळी नमाज पढू शकतात असं सांगतात, आणि रिकामं अंगण बघितलं की ते पटतं.

इथे मराठी माणसाला एक छोटी मौज करता येते. या इमारतीच्या भागांची निम्मी नावं आपण रोज वापरतो. हौद म्हणजे अरबी हौज. ओवरीला तिकडे दालान म्हणतात, आपण त्याचं दालन केलं. मनोरा म्हणजे मिनार. भिंतीच्या माथ्यावर पाकळ्यांची रांग असते तो कंगोरा, फारसीतून आला. मनोऱ्याला बाहेर काढलेले सज्जे आहेत, आणि सज्जा म्हटलं की डोळ्यासमोर आपला वाडाच येतो. सगळ्यांत भारी शब्द पुढे येणार आहे, तो आत गेल्यावर.

हौदापाशी माणसं वजू करताना दिसतील: हात, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय. देवळात शिरण्याआधी पाय धुतो तेच, फक्त क्रम काटेकोर. या लोकांचे जवळून फोटो काढू नका. लांबून हौदातलं प्रतिबिंब घ्या, तेच जास्त चांगलं येतं.

आता एक प्रयोग करा. पूर्वेच्या दरवाजापासून मुख्य कमानीकडे नजर लावून सरळ, सावकाश चालत जा. सुरुवातीला तीन घुमट दिसतात, मधला सगळ्यांत मोठा. जसजसे पुढे जाल तसतशी मधली प्रचंड चौकटबंद कमान वर चढत जाते आणि मधला घुमट तिच्यामागे बुडायला लागतो. हौद ओलांडेपर्यंत त्याचा बराचसा भाग गेलेला असतो. नंतर उरते ती फक्त कमान. काही जाणकार याला मुघल रचनेतला दोष म्हणतात. मला तसं वाटत नाही. लांबून ही इमारत शहराला दिसण्यासाठी आहे, तिथे घुमटाचं काम. जवळ आलेल्या माणसाला आत बोलवायचं असतं, तिथे कमानीचं काम.

घुमटांकडे नीट बघा. पांढऱ्या संगमरवरावर काळ्या दगडाच्या उभ्या रेघा आहेत. वर उलटं ठेवल्यासारखं कमळ, आणि त्यावर कळस. होय, कळसच. इराणातून आलेल्या कांद्याच्या आकाराच्या घुमटावर आपल्याकडच्या कारागिरांनी कमळ आणि कळस बसवला, आणि शाहजहानच्या काळापर्यंत ते इतकं मुरलं होतं की कोणाला वेगळं वाटेना. दोन्ही मनोरे सुमारे 130 फूट उंच, लाल दगडात पांढऱ्या संगमरवराच्या उभ्या पट्ट्या. उभ्या रेघांचं पातळ नेसलं की बाई उंच दिसते, तोच हिशोब.

अकबराच्या इमारती लाल दगडाच्या आणि शाहजहानच्या पांढऱ्या संगमरवराच्या, असं शाळेत शिकलेलं असतं. इथे दोन्ही आहेत. एवढी अवाढव्य वास्तू अख्खी संगमरवरात करण्यापेक्षा लाल दगडाच्या अंगावर पांढरं वापरलं, जिथे नजर जायला हवी तिथेच. माझ्या मते ताजपेक्षा इथला संगमरवर जास्त हुशारीने खर्च झालाय.

कमानी आणि आतला भाग

मुख्य कमानीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच, अशा एकूण अकरा कमानी. बाजूच्या दहा कमानींवर पांढऱ्या संगमरवराच्या पट्ट्यांत काळ्या अक्षरांची फारसी जडणी आहे. त्यांत मशिदीची हकिकत आणि शाहजहानची स्तुती आहे. मधल्या कमानीवर मात्र दोनच शब्द: ‘या हादी’, हे मार्गदर्शका. बाजूच्या मजकुरापुढे हा संक्षेप मला फार आवडतो. लिपी वाचता येत नसली तरी थोडं थांबून बघा, ही अक्षरं रंगवलेली नाहीत. दगड कोरून त्यात दुसरा दगड बसवलाय. ऊन तिरकं असताना कडेला सांधा दिसतो.

आत जाताना नमाज सुरू नाही ना, ते बघा. कोणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जाऊ नका, मागून फिरा. हा एक नियम पाळला तर बाकी चुका लोक माफ करतात.

आतली जागा साधारण दोनशे फूट लांब आणि नव्वद फूट रुंद. पायाखाली बघा: पांढऱ्या संगमरवरी फरशीवर काळ्या किनारीच्या चौकटी काढल्यात, तीन फूट बाय दीड फूट. प्रत्येक चौकट म्हणजे एका माणसाची नमाजाची जागा, मुसल्ला. अशा 899 आहेत. चटईवर सतरंजीची नक्षी असते तशी इथे दगडावर चटईची नक्षी. सतरंज्या अंथरलेल्या असल्या तर कडेला, भिंतीलगत शोधा.

पश्चिमेच्या भिंतीत मधोमध जो कोनाडा आहे तो मिहराब. मक्केची दिशा दाखवायची एवढंच त्याचं काम, त्यात मूर्ती किंवा दिवा काही नसतं. आणि हाच आपला शब्द: महिरप. गणपतीच्या मखराला आपण पुठ्ठ्याची, थर्माकोलची, हल्ली फुलांची जी महिरप करतो, ती इथून निघाली. आजीला कंसाच्या आकाराचं काहीही दिसलं की ती ‘महिरपी’ म्हणायची. शाळेतल्या गणितात महिरपी कंस होता, आठवतोय का? मी पहिल्यांदा इथे उभा राहून मिहराबाच्या पाकळीदार कमानीकडे बघत होतो तेव्हा मला गणिताच्या बाई आठवल्या, हे कबूल करतो.

मिहराबाशेजारी पायऱ्यांचा चौथरा आहे तो मिंबर, जुम्म्याचं प्रवचन त्यावरून होतं. अंगणाच्या एका कोपऱ्यातल्या खोलीत पैगंबरांशी संबंधित मानलेले अवशेष ठेवलेत, त्यात दाढीचा केस आणि हरणाच्या कातड्यावर लिहिलेलं कुराण. दाखवणारा असेल तर दाखवतो, दक्षिणा अपेक्षित असते.

मराठी प्रवाशांपैकी ज्यांनी संभाजीनगरचा बिबी का मकबरा बघितलाय त्यांनी तो इथे आठवून बघावा. साधारण त्याच सुमाराचा, शाहजहानच्या मुलाच्या, म्हणजे औरंगजेबाच्या बेगमेचा. तिथे संगमरवर खाली थोड्या उंचीपर्यंत आणि घुमटावर, मधे चुन्याचा गिलावा. इथल्या दगडावर हात फिरवला की तिथली काटकसर लक्षात येते.

मनोरा: चढायचा की नाही

दक्षिणेचा मनोरा पर्यटकांसाठी उघडा असतो, पण रोज असेलच असं नाही. आतून गोल फिरणारा अरुंद जिना, 130 पायऱ्या, आणि वर जाणारे-खाली येणारे एकाच वाटेने. अंग चोरून भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. वर बारा बाजूंच्या छत्रीखाली जेमतेम दहा-बारा माणसं मावतात. गुडघेदुखी, बंद जागेची भीती किंवा लहान मूल यांपैकी काहीही सोबत असेल तर खुशाल सोडून द्या. एकट्या बाईला वर सोडत नाहीत, असा अनुभव अनेकींना आलाय. त्यामुळे मैत्रिणी-मैत्रिणी जाणार असाल तर पैसे भरण्याआधी विचारा. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये तर एकट्या मुलींना मशिदीतच प्रवेश नाही असे फलक लागले होते. गदारोळ झाल्यावर ते काढले.

चढलात तर पूर्वेला लाल किल्ल्याची भिंत दिसेल. दक्षिणेला नजर टाका: नवी दिल्ली आखताना इंग्रजांनी जुन्या संसद भवनाकडून कनॉट प्लेसकडे जाणारा रस्ता अशा रोखाने नेलाय की ती रेघ पुढे वाढवली तर या मशिदीवर येते. वरून हे डोळ्यांनी नीट जुळवता येत नाही, मधे रेल्वे आणि इमारतींचा गुंता आहे. पण घरी जाऊन नकाशावर पट्टी ठेवून बघा.

उतरल्यावर

पूर्वेच्या पायऱ्यांच्या पायथ्याशी एक लाल रंगाची मजार दिसते, ती सरमदची. आर्मेनियाच्या ज्यू कुटुंबातला म्हणतात, फारसीत रुबाया लिहिणारा, अंगावर वस्त्र न ठेवणारा फकीर, औरंगजेबाचा थोरला भाऊ दारा शुकोह याचा स्नेही. औरंगजेबाच्या राज्यात त्याचा शिरच्छेद झाला. थोडं पुढे मैदानात मौलाना आझादांची साधी, वर छतासारखी कमान असलेली कबर आहे. 1947 च्या ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानला निघालेल्या दिल्लीच्या मुसलमानांना थांबा म्हणून त्यांनी याच मशिदीतून आवाहन केलं होतं. आणि 1919 च्या एप्रिलमध्ये, रौलट कायद्याविरुद्धच्या दिवसांत, आर्यसमाजी स्वामी श्रद्धानंद इथे मुसलमानांच्या सभेपुढे बोलले होते.

भूक लागली असेल तर दक्षिण दरवाजासमोरचा मटिया महल. मांसाहारी असाल तर सकाळची निहारी, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, आणि खमिरी रोटी. निहारी रात्रभर शिजते आणि उशीर केलात तर संपलेली असते. शाकाहाऱ्यांनी इथे वेळ घालवू नये. रिक्षाने चांदनी चौक गाठावा, बेडमी पुरी आणि बटाट्याची भाजी खावी, दरीबा कलाँच्या तोंडावर जाडजूड जिलबी घ्यावी.

पोट भरल्यावर पाय शिल्लक असतील तर लाल किल्ला. दिवाण-ए-खासमध्ये शिरलात की आधी भिंतींवरची नक्षी नका बघू, मान वर करा. इथलं छत एकेकाळी चांदीचं होतं. 1760 च्या पावसाळ्यात पानिपतच्या आधी सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, फौजेचा पगार तुंबला होता, तेव्हा ती चांदी उतरवून वितळवली आणि रुपये पाडले. पुढे 1803 पर्यंत महादजी शिंद्यांच्या आणि त्यांच्यानंतर दौलतरावांच्या फौजेचा याच किल्ल्यावर वचक होता. आज वर दिसतं ते रंगवलेलं लाकडी छत नंतरचं आहे. तिथे गाईड ही गोष्ट बहुधा सांगत नाहीत, तेव्हा बरोबरच्या मुलांना तुम्हीच सांगा.